पाऱ्याची येरझार

२०२३ सालच्या मार्च महिन्यात म्हादई अभयारण्याच्या डोंगरउतारांवर वणवे पेटले, तेव्हा सत्तरीतील लोकांनी ते आपल्या अंगणातून पाहिले, पणजीकरांनी ते वृत्तपत्रांतून पाहिले, आणि नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन घिरट्या घालू लागली तेव्हा सरकारनेही ते पाहिले. पुढे रीतीप्रमाणे हिशेब मांडला गेला. किती ठिकाणी आग लागली, किती क्षेत्र होरपळले, कोणती झाडे गेली, आग आपोआप लागली की कोणी लावली, याची चर्चा विधानसभेपासून पारापर्यंत झाली. तो हिशेब खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा होता. वणव्याच्या पंचनाम्यात झाडांचा रकाना असतो, क्षेत्रफळाचा असतो; पाऱ्याचा रकाना नसतो.

जंगलाचा आणि पाऱ्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. पारा म्हटला की आपल्यापुढे उभी राहते ती डॉक्टरांच्या हातातील काचेची नळी, किंवा जमिनीवर सांडून इकडे तिकडे पळणारे रुपेरी मणी. परंतु सत्तरीच्या रानातील कोणत्याही वृक्षाचे एक वाळलेले पान उचलावे, त्यात पारा असतो. तो मुळांनी जमिनीतून ओढलेला नसतो. बहुतांशी तो हवेतून आलेला असतो. ग्रॅमभर पाचोळ्यात त्याचे प्रमाण काही दशक नॅनोग्रॅम इतकेच, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. ही मात्रा हसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. पण पाने किती, झाडे किती, आणि हा व्यवहार किती काळ चालला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे हसू मावळते. जमीन आणि हवा यांच्यामध्ये पाऱ्याची अखंड येरझार चालू आहे. ती दिसत नाही, तिला वास नाही, तिचा आवाज नाही. म्हणूनच तिच्याविषयी सविस्तर लिहिणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आपल्या पूर्वजांना पाऱ्याचा स्वभाव चांगला ठाऊक होता. रसशास्त्राच्या ग्रंथांत त्याला रसराज म्हटले आहे, आणि त्याला ‘बांधणे’ ही तर रससिद्धांची सर्वांत मोठी महत्त्वाकांक्षा. धातू असूनही तो वाहतो आणि आच लागली की उडून जातो. गंधकाशी त्याची जोडी जमली तर मात्र हिंगुळाच्या लाल खड्यात तो युगानुयुगे स्वस्थ बसतो. आजच्या रसायनशास्त्राने या वर्णनात फारशी दुरुस्ती केलेली नाही, मोजमाप तेवढे पुरविले आहे. साध्या तपमानालाही पाऱ्याची वाफ होते. ही वाफ पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे पावसाने ती लगेच धुपून जात नाही. कित्येक महिने ती वाऱ्याबरोबर फिरत राहते आणि तेवढ्या अवधीत पृथ्वीला वळसे घालते. उत्तर गोलार्धातील स्वच्छ हवेच्या एका घनमीटरात ती साधारण दीड नॅनोग्रॅम असते, दक्षिण गोलार्धात एक नॅनोग्रॅमच्या आसपास. उद्योगधंद्यांची दाटी उत्तरेला आहे, हे या दोन आकड्यांवरूनही कळावे.

ही वाफ खाली कशी उतरते? याविषयीची समजूत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी असे मानीत की हवेतील पाऱ्याचे हळूहळू भस्मीकरण होते, म्हणजे त्याची पाण्यात विरघळणारी संयुगे बनतात, आणि ती पावसाबरोबर खाली येतात. हे घडतेच, मोसमी पावसाच्या प्रदेशात ते थोडेथोडके घडत नसणार. परंतु पाऊस हाच मुख्य मार्ग हे गृहीत डळमळले ते भलत्याच ठिकाणी. अलास्कातील टूलिक सरोवराच्या काठी, जिथे झाडे नाहीत, केवळ खुरटी झुडपे आणि शेवाळ आहे, अशा गोठलेल्या माळावर शास्त्रज्ञांच्या एका पथकाने दोन वर्षे मोजमापे घेतली. पाऱ्याच्या निरनिराळ्या समस्थानिकांचे प्रमाण म्हणजे त्याच्या कुळाचा दाखलाच. त्यावरून पारा पावसातून आला की थेट वाफेतून, हे ओळखता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या माळावर उतरलेल्या पाऱ्यापैकी सुमारे ७० टक्के पारा थेट वाफेच्या रूपात झाडोऱ्याने शोषून घेतला होता. पान कर्बवायू घेण्यासाठी आपली सूक्ष्म रंध्रे उघडते आणि त्याच दारातून पारा आत शिरतो. वसंतात फुटलेल्या कोवळ्या पालवीत तो नगण्य असतो, पान जून होत जाते तसा साठत जातो, आणि पान गळाले की पातेऱ्याबरोबर मातीत मिसळतो. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात झाडोरा बहरला की हवेतील कर्बवायू घटतो, हे आपण शाळेत शिकतो. हवेतील पाराही त्याच सुमारास घटतो, असे २०१८ मध्ये दाखवून देण्यात आले. रान श्वास घेते तेव्हा तो केवळ कर्बवायूचा नसतो.

मातीत पोहोचलेला पारा तिथल्या कुजलेल्या सेंद्रिय द्रव्यातील गंधकाला धरून बसतो. रससिद्धांना जे साधायचे होते ते पातेऱ्याखालची माती बऱ्याच अंशी साधते. परंतु हे बंधन कायमचे नाही. मातीवर ऊन पडले की सूर्यकिरणांच्या प्रभावाने पारा संयुगातून सुटून पुन्हा मूळ धातूच्या रूपात येतो, आणि जमीन तापली की वाफ होऊन वर निघतो. हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. पारदर्शक पेटी जमिनीवर पालथी घालतात, तिच्यातून ठरावीक वेगाने हवा खेळवतात, आणि आत जाणाऱ्या हवेतील पारा व बाहेर येणाऱ्या हवेतील पारा यांची वजाबाकी करतात. बेरीज आली तर जमीन देत आहे, उणे आले तर घेत आहे. एकच जमीन दुपारी देते आणि रात्री घेते, असेही आढळते.

या मोजमापांतील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटी जमिनीवर केलेल्या प्रयोगांत, कोरड्या ठणठणीत मातीवर पाऊस पडताच तिच्यातून निघणाऱ्या पाऱ्याचे प्रमाण एकदम उसळते, असे दिसून आले. ते निरीक्षण १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. वैशाखाने भाजून निघालेल्या आमच्या जांभ्या कातळावर मृगाची पहिली सर येते आणि मृद्गंध दरवळतो, तेव्हा आपण डोळे मिटून तो छातीत भरून घेतो. माती भिजली म्हणजे तिच्या पोटातून काय काय बाहेर पडते, याची यादी कवींनी अर्धीच केली म्हणायची. (हे वाचून कोणी पहिल्या पावसाच्या वेळी खिडक्या लावून घेऊ नयेत; ती मात्रा माणसाच्या श्वासाला बाधण्याइतकी मुळीच नसते.)

मुद्दा वेगळा आहे. जमीन ही पाऱ्याची स्मशानभूमी नव्हे. ती त्याची धर्मशाळा आहे. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश राज्यकर्त्यांनी पेरूतील वांकावेलिका येथील खाणीतून पारा काढून पोतोसीच्या चांदीच्या भट्ट्यांवर उधळला. स्लोव्हेनियातील इद्रिया येथे १४९० पासून शतकानुशतके हिंगुळाचे दगड भाजले गेले. त्या भट्ट्या केव्हाच विझल्या. पण हवेत गेलेला तो पारा नाहीसा झाला नाही. तो उतरला, मातीत बसला, पुन्हा उडाला, समुद्रात गेला, तिथूनही उडाला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली जो जागतिक आढावा घेतला, त्यानुसार एकट्या २०१५ या वर्षात माणसाच्या उद्योगांनी हवेत सुमारे २२२० टन पारा सोडला, आणि आजवरच्या अशा उद्योगांमुळे वातावरणातील पारा नैसर्गिक पातळीच्या वर सुमारे ४५० टक्क्यांनी वाढला आहे. शिवाय जमीन आणि समुद्र दरवर्षी जे परत सोडतात ते वेगळेच, आणि त्यातही मोठा वाटा या जुन्या ठेवीचाच. आजोबांनी फुंकलेला धूर नातवंडांच्या अंगणात उतरावा, असा हा प्रकार आहे.

एवढ्याशा पाऱ्याने बिघडते काय? हवेत असेपर्यंत फारसे काहीच नाही. बिघडते ते तो चिखलात पोहोचल्यावर. ज्या गाळात प्राणवायू नाही, अशा ठिकाणचे काही जिवाणू पाऱ्याचे रूपांतर मेथिल पाऱ्यात करतात. हे द्रव्य मेंदूला घातक आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते शरीरातून चटकन बाहेर पडत नाही. शेवाळातून ते कृमींत, कृमींतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत जाते आणि प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. जपानमधील मिनामाता उपसागरात एका रसायन कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत पारायुक्त सांडपाणी सोडले. १ मे १९५६ रोजी त्या विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. आधी मांजरे झोकांड्या देऊन मेली, मग कोळ्यांची मुले लुळी पडली, निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटी मेंदूने पंगू बालके जन्मली. कारण सांडपाण्यातच आहे हे जपानी सरकारने उघडपणे मान्य करीपर्यंत १९६८ चा सप्टेंबर उजाडला. ते लोक आमच्यासारखेच होते. त्यांच्याही घरी भाताबरोबर मासा असे.

मिनामातासारखे संकट आमच्या दारात उभे आहे, अशी ओरड करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तशी ओरड खोटी ठरेल आणि बाजारातील मासेविक्रेत्या बायांच्या पोटावर विनाकारण पाय येईल. तारली, बांगडा, पेडवे हे लहान आणि अल्पायुषी मासे. त्यांच्या अंगी पारा साठायला अवधीच मिळत नाही. चिंता करायची ती मोरी आणि तत्सम मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या जातींची. आणि गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी असे मासे टाळावेत किंवा क्वचितच खावेत, हा सल्ला जगभर दिला जातो. गोमंतकाच्या सुगरणींनी हुमणासाठी बांगड्याला जो मान दिला आहे तो या दृष्टीनेही योग्यच म्हणावा लागेल. परंतु आमच्या मांडवी-जुवारीच्या मुखाशी खारफुटी आहे, खाजने आहेत, भरती-ओहोटीचा प्राणवायूहीन चिखल आहे. मासळीची ही पाळणाघरे जितकी समृद्ध, तितकीच पाऱ्याचे विष बनण्यास अनुकूल. वरून काय उतरते याची फिकीर इथल्या माणसाने नाही करायची, तर कोणी करायची? दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्राच्या तळगाळाचे जे नमुने तपासले, त्यांत अलीकडच्या थरांकडे येताना पाऱ्याचे प्रमाण वाढत गेल्याचे आढळले, आणि ती वाढ मानवी उद्योगांची निदर्शक आहे असा अर्थ त्यांनी लावला.

आता कोणी विचारील, जुना पारा जर असा फिरतच राहणार असेल, तर आज धुराडी आवरून लाभ काय? या प्रश्नाचे उत्तर कॅनडात एका सरोवरावर मिळाले. तेथील ऑन्टारियो प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेली सरोवरे आहेत. त्यांपैकी एका सरोवरात आणि त्याच्या भोवतालच्या जमिनीवर शास्त्रज्ञांनी २००१ पासून सात वर्षे थोडाथोडा पारा टाकला. मात्र सरोवरात टाकलेल्या पाऱ्याचा समस्थानिक निराळा, रानात टाकलेल्याचा निराळा. त्यामुळे माशाच्या अंगातला पारा कुठून आला हे सांगता येत होते. सरोवराच्या पृष्ठावर पडलेला पारा अल्पावधीतच माशांत दिसू लागला. रानात पडलेला मात्र पहिल्या काही वर्षांत एक टक्काही पाण्यापर्यंत पोहोचला नाही. तो झाडोऱ्यात आणि मातीत अडकून राहिला. पुढे पारा टाकणे थांबविले, आणि आठ वर्षांत त्या सरोवरातील माशांमधला नवा मेथिल पारा मोठ्या प्रमाणात उतरला. तो निष्कर्ष २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. म्हणजे धुराडे आवरले तर फळ एका पिढीच्या आत दिसते. आणि रान, तेवढे शाबूत असेल तर, वरून आलेला पारा पुष्कळ काळ धरून ठेवते. ज्याला पाणी स्वच्छ हवे आहे त्याने दोन्ही सांभाळले पाहिजेत, आणि आमच्या देशात दोन्हींकडे दुर्लक्ष होत आहे, ही आमची तक्रार आहे.

परदेशातील सरोवरे आम्हांला कशाला सांगता, असे कोणी म्हणू नये. आमच्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, तामिळनाडूतील कोडाईकनाल येथे, जमीन आणि हवा यांच्यातील ही येरझार फार क्रूर रीतीने पाहावयास मिळाली. न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथला थर्मामीटरचा कारखाना तिथे बंद झाला आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याची यंत्रसामग्री कोडाईकनालच्या थंड हवेत, पांबार शोलाच्या कडेला आणून बसविण्यात आली. आधी तो पॉन्ड्स कंपनीचा होता, पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे आला. थर्मामीटर परदेशी जात आणि कचरा इथे राही. २००१ च्या मार्च महिन्यात पारा लागलेल्या फुटक्या काचांचा ढीग गावातील भंगारवाल्याकडे सापडला. लोक रस्त्यावर आले आणि कारखाना बंद पडला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजावर चढवून अमेरिकेला परत पाठवावा लागला. श्रीमंत देशाचा कचरा गरीब देशात येतो हा जगाचा रिवाज. तो एकदा तरी उलटा फिरला याचे समाधान अवश्य मानावे. माजी कामगारांचा लढा मात्र पुढे कितीतरी वर्षे रेंगाळला, आणि ५९१ जणांशी समझोता व्हायला २०१६ साल उजाडले.

पण आम्हांला येथे सांगायचे आहे ते झाडांवरील दगडफुलांविषयी. होय, आमच्या गोड्या मसाल्यात पडते तेच दगडफूल, किंवा त्याची भावंडे. या वनस्पतीला मुळे नाहीत. जे काही घ्यायचे ते ती हवेतून आणि पावसातून घेते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबाद येथील प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी कोडाईकनालच्या झाडांवरील दगडफुले आणि शेवाळी तपासली, आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारखान्याच्या आसपासच्या नमुन्यांत दूरच्या नमुन्यांपेक्षा कितीतरी अधिक पारा होता. पाठोपाठ त्यांनी कोडाईच्या प्रसिद्ध सरोवराचे पाणी, गाळ आणि मासेही तपासले. तिथेही तो सापडला. कारखान्याला कुंपण होते, हवेला नव्हते. मग प्रश्न आला तो मातीचा. किती स्वच्छ केली म्हणजे ती स्वच्छ झाली असे म्हणावे? दर किलो मातीत २० मिलिग्रॅमपर्यंत पारा राहू द्यावा, अशी मर्यादा मान्य करण्यात आली. ती फार सैल आहे, असा माजी कामगारांचा आणि पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप राहिला. आमचा कौल आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण वर दिलेल्या विवेचनात आहे. मातीत ‘राहू दिलेला’ पारा तिथे राहत नाही. ऊन त्याला उठवते, पाऊस त्याला हलवतो, शोला त्याला पुन्हा पानांत घेते. माती ही जणू कुलूपबंद कोठडी आहे असे समजून मर्यादा ठरवणे, हे ज्याला बांधायला सिद्धांनी आयुष्ये वेचली त्या पाऱ्याला सरकारी कागदाने बांधू पाहणे होय.

आमच्या अगदी शेजारी, कारवारजवळच्या बिणगा येथे, पाऱ्याच्या पद्धतीने कॉस्टिक सोडा करणारा कारखाना होता. मिठाच्या द्रावणातून वीज सोडताना पाऱ्याचा थर ऋणाग्र म्हणून वापरीत. त्यातला थोडा थोडा पारा सांडपाण्यात आणि हवेत निसटत असे. त्या परिसरातील सागरी पाऱ्याचा केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. २००३ साली केंद्र सरकार आणि उद्योगपती यांच्यात जो करार झाला, त्यानुसार या धंद्याने २०१२ पर्यंत पारा सोडून पटलांची नवी पद्धत स्वीकारावयाची होती, आणि देशातील बहुतेक कारखान्यांनी ती पुढेमागे स्वीकारली. मनात आणले तर होते, याचा हा पुरावा आम्ही मुद्दाम नोंदवतो.

कोळशाच्या बाबतीत मात्र तसे मनात आणलेले दिसत नाही. कोळशाच्या एका टनात सरासरीने ग्रॅमचा दहावा भाग पारा धरला, तरी २०२४-२५ या वर्षात भारताने जो एक अब्ज टनांहून अधिक कोळसा काढला, त्याच्या पोटी १०० टन पारा झाला. त्यातला काही राखेत राहतो, काही गाळण्यांत अडकतो, उरलेला धुराड्यावाटे जातो. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये पाऱ्याची मर्यादा घालून देण्यात आली, दर घनमीटर धुरात ०.०३ मिलिग्रॅम. पाळण्याची मुदत दोन वर्षांची होती. ती पुढे पुढे ढकलण्यात आली. धुरातील गंधकाची वाफ धुऊन काढणारी जी यंत्रणा बसवावयाची होती, ती बसली असती तर पाण्यात विरघळणारा पाराही तिच्याबरोबर धुऊन निघाला असता. एका खर्चात दोन कामे. परंतु जुलै २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने देशातील बहुतांश वीजकेंद्रांना गंधकाच्या त्या बंधनातून मोकळे केले. आपला कोळसा कमी गंधकाचा आहे, सबब यंत्रणेची गरज नाही, असे समर्थन देण्यात आले. गंधकापुरते ते कदाचित मानताही येईल. पाऱ्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या समर्थनात नाही.

पाऱ्याविषयीचा मिनामाता करार १० ऑक्टोबर २०१३ रोजी जपानमध्ये स्वीकारला गेला. भारताने जून २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. तो करार चांगला आहे, पण त्याची दृष्टी धुराड्यावर खिळलेली आहे. वीजकेंद्रे, बाष्पके, धातूंच्या भट्ट्या, कचऱ्याच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने, एवढ्यांच्याच उत्सर्जनाला तो आवर घालतो. दूषित जमिनींविषयी राष्ट्रांनी प्रयत्न करावा, अशी मोघम अपेक्षा आहे. तोडलेल्या किंवा जळालेल्या रानातून सुटणारा पारा कोणाच्याच खाती पडत नाही. आणि तो थोडका नाही. माणसाकडून होणाऱ्या एकूण पाऱ्याच्या उत्सर्जनापैकी सुमारे १० टक्के हे जंगलतोडीचे फलित असावे, असा अंदाज अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२४ मध्ये मांडला. रान तुटले की हवेतील पारा शोषणारी पाने जातात, हा एक तोटा. आणि पातेऱ्याखाली सावलीत झोपलेल्या मातीवर ऊन पडते व ती साठवलेला पारा परत करू लागते, हा दुसरा. वणव्यात तर वर्षानुवर्षे जमवलेली ठेव एका रात्रीत वर जाते.

या नजरेने मोलेच्या वादाकडे पाहावे, अशी आमची विनंती आहे. भगवान महावीर अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाच्या वाहतुकीसाठीच हा मार्ग हवा आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. प्रवाशांसाठी हवा आहे, असे रेल्वेचे. त्या वादात वाघ आले, गवे आले, फुलपाखरे आली, प्रवाशांची सोयही आली. परंतु ज्या रानाने हवेतील पारा धरून ठेवायचा तेच तोडून, ज्या कोळशातून पारा सुटतो त्याला वाट द्यायची, हा दुहेरी व्यवहार कोणी मांडला नाही. पुढच्या वेळी तो मांडला जावा. असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा येत असतात, हा आमचा अनुभव आहे.

गोव्यासारख्या लहान राज्याने काय करावे? औष्णिक वीजकेंद्रे त्याच्या ताब्यात नाहीत, हे खरे. परंतु मोजणे त्याच्या ताब्यात आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था दोनापावलला आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे; माणसे आणि विद्या यांचा तुटवडा नाही. सत्तरीत एक आणि मोले परिसरात एक, अशी दोन ठिकाणे निवडून तिथे पडणाऱ्या पावसातील आणि गळणाऱ्या पातेऱ्यातील पारा वर्षभर मोजावा, मोकळ्या पडलेल्या खाणींच्या जमिनीवर ती पारदर्शक पेटी पालथी घालून उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात काय निघते ते पाहावे, आणि मालीम, वास्को, बेतुल येथील जेटींवर उतरणाऱ्या मोठ्या माशांचे नमुने नियमाने तपासून आकडे लोकांपुढे ठेवावेत. आकडे समाधानकारक निघाले तर आनंदच आहे. आम्ही ते पहिल्या पानावर छापू. वनखात्याने वणव्याच्या पंचनाम्यात जळालेल्या पातेऱ्याची खोली व क्षेत्र नोंदवायला आरंभ केला, तरी पुढचा हिशेब शास्त्रज्ञ करू शकतील. याला फार मोठा खर्च नाही. एखाद्या महोत्सवाच्या रोषणाईत तो भागावा.

येत्या विधानसभा अधिवेशनात सत्तरीच्या, सांग्याच्या किंवा मुरगावच्या आमदारांपैकी कोणी तरी, पक्ष कोणताही असो, पर्यावरणमंत्र्यांना एक तारांकित प्रश्न विचारावा: गोव्यात गेल्या पावसाळ्यात पावसाबरोबर किती पारा उतरला, २०२३ च्या वणव्यांत किती वर गेला, आणि हे मोजण्याची जबाबदारी सरकारच्या कोणत्या खात्याकडे आहे?